दाराजवळचा खिळा

१

लोकांच्या भिंती सुकवण्यात ज्यांची चाळीस वर्षं गेली, त्यांना सगळे ओलकाका म्हणत. खरं नाव बँकेला आणि पोस्टमनला ठाऊक असेल, बाकी कुणाला नाही. कुणाच्या घरात पोपडे निघाले, कपाटातले कपडे कुबट वास मारायला लागले, पलंगामागे काळी बुरशी धरली, की काकांना बोलावणं यायचं. ते यायचे, बोटाच्या पेरानं भिंतीवर ठिकठिकाणी टकटक करायचे, भिंतीला गाल लावून डोळे मिटून उभे राहायचे आणि मग छताकडे बघत निदान सांगायचे. "तुमचा नळ बिळ काही गळत नाही. आंघोळ झाली की तुम्ही न्हाणीघराचं दार उघडं टाकता, ती वाफ इथे येऊन बसते." की घरमालकीण नवऱ्याकडे बघायची आणि नवरा खिडकीबाहेर.

माणसं थापा मारतात, पाणी मारत नाही, असं काकांचं म्हणणं होतं. ओल दिसली की ती कुठून तरी आलेली असतेच. जमिनीतून चढते, छतातून उतरते, नाही तर घरातली माणसं ती सोडतात. चौथी वाट नाही. हे ते इतक्यांदा आणि इतक्या ठासून सांगत, की काकू हयात असताना मागून त्यांच्या नकला करायच्या.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. एका रविवारी सकाळी लेकीचा फोन आला. जावई तीन महिन्यांसाठी कामावर परदेशी चालला होता, आणि ती बाळाला घेऊन माहेरी यायचं म्हणत होती. बाळ चार महिन्यांचं, मुलगी, सात आठवडे आधीच जन्मलेली. छाती नाजूक.

"बाबा, डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावलीय. खोली कोरडी हवी. जरा ओल असली तरी हिला बाधेल. आपली गल्लीकडची खोली कोरडी आहे ना?"

"माझ्या घरात ओल? अगं, कुणाला विचारतेस?" ते म्हणाले.

लेक हसली. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला येते म्हणाली. काकांनी फोन ठेवला आणि बराच वेळ ते गल्लीकडच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत बसले.

२

दिव्याखाली अंधार म्हणतात तो काही उगीच नाही. त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला, नेमकी पलंगाच्या उशाशी, सात वर्षांपूर्वी हातभर उंचीचा डाग पडला होता. घर जुनं, भिंत विटांची आणि चुन्याची. चुन्याची भिंत पाणी पिते आणि सोडते. तिच्यावर सिमेंट चढवायचं नसतं, नाही तर आत आलेलं पाणी आतच कोंडतं. हे काकांनी किती गवंड्यांना दरडावून सांगितलं असेल त्याला गणती नाही. पण स्वतःच्या घरचं काम कायम उद्यावर. शेवटी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्यांनी घाईघाईत त्या डागावर सिमेंटचा गिलावा मारला, वर तेलरंगाचे दोन हात दिले. "बघ, झाली की नाही गप्प?" असं काकूंना म्हणाले. चुन्यानं नीट करायचं काम पुढच्या सुट्टीवर टाकलं. ती सुट्टी कधी आली नाही.

काकूंची छाती मुळात अधू. नंतरच्या वर्षांत त्या दुपारी दोन वाजता त्या खोलीत आडव्या व्हायच्या आणि सव्वाचारला उठायच्या. उठल्या की म्हणायच्या, "अहो, इथे हवा जड लागते. खिडकी उघडा ना जरा."

"बाहेरची हवा ओली आहे. या दिवसांत खिडकी उघडली की ओल आत येते."

"आत काय कोरडं आहे?"

यावर काकांनी एक दिवस आपलं यंत्र आणून खोलीत टांगलं. पितळी डबी, तिच्यात हळूहळू फिरणारं नळकांडं, त्यावर आठवड्याचा कागद गुंडाळलेला आणि त्या कागदावर हवेतल्या ओलाव्याची रेघ ओढत जाणारं बारीक पेन. आत माणसाच्या केसांची एक बट ताणून लावलेली असते. ओलाव्यानं केस लांबतो, कोरडेपणानं आखडतो, आणि पेन वरखाली होतं. जुनी बट तुटली तेव्हा काकूंनीच आपले चार लांब केस काढून दिले होते. "माझ्या केसांनी जगाच्या भिंती मोजा," त्या तेव्हा म्हणाल्या होत्या, आणि दोघं खूप हसले होते.

यंत्र टांगायचं ते माणूस झोपतो तिथे, उशाजवळ. पण खोलीत दाराजवळ एक खिळा आधीपासून होता. उशाशी नवा ठोकायचा तर गिलावा फुटला असता. काकांनी यंत्र दाराजवळच्या खिळ्याला अडकवलं. आठवड्यानं कागद काढून काकूंच्या समोर धरला. "हे बघ. हवा उत्तम आहे. तुझ्या मनाचे खेळ आहेत सगळे."

काकूंनी कागद पाहिला. "असेल बाई," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी खिडकीचं नाव काढलं नाही.

त्या खिडकीच्या काचेवर दुपारी आतून वाफ धरायची. काका कामावरून येताना फाटकाशी पोचले, की काकू तळव्याच्या मुळाने काचेवर एक गोल पुसायच्या आणि त्यातून बघायच्या. काका रागवायचे, काचेला डाग पडतात, फडकं घेत जा म्हणून. बंद खोलीत काचेवर आतून वाफ धरते याचा अर्थ काय, हे त्यांनी हजार घरांत समजावून सांगितलं होतं. स्वतःच्या घरात त्यांना फक्त डाग दिसला.

३

दार उघडल्यावर कुबट वासाची एक लाट आली आणि काकांना जरा बरंच वाटलं. वास ओळखीचा होता. तेलरंगाला फोड आले होते, खालच्या बाजूला भिंतीतून फुटलेल्या खाराची पांढरी भुकटी झाली होती, टकटक केलं तर गिलावा पोकळ वाजत होता. अपेक्षेप्रमाणे. काम तीन आठवड्यांचं, हातात पाच होते.

कामाआधी आठवडाभर मोजायचं, ही त्यांची रीत. या वेळी त्यांनी उशाशी नवा खिळा ठोकला. यंत्र तिथे टांगलं, खिडकी घट्ट बंद आहे हे पाहिलं, दार लावलं, कुलूप घातलं.

पहिल्या दिवशी रेघ सरळ गेली. वरच्या अंगाला, पण सरळ. दुसऱ्या दिवशी काका संध्याकाळी कामावरून आले, कागद पाहिला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिला. दुपारी दोनपर्यंत रेघ सपाट. दोनला ती वर चढू लागली होती, हळूहळू, एकसारखी. सव्वाचारला थांबली होती आणि मग उतरत उतरत रात्रीपर्यंत जागेवर आली होती.

असली टेकडी काकांनी आयुष्यात शेकड्यांनी पाहिली होती. झोपायच्या खोलीत ती रोज उमटते. झोपलेलं एक माणूस दोन तासांत जवळजवळ अर्धा पेला पाणी श्वासातून सोडतं.

खोलीला कुलूप होतं आणि किल्ली काकांच्या खिशात.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. दोन ते सव्वाचार.

४

काका घाबरले नाहीत. घाबरायचं तर आधी बाकी सगळ्या वाटा बंद व्हाव्या लागतात, आणि त्यांना वाटा पुष्कळ माहीत होत्या. दुपारचं ऊन बाहेरच्या भिंतीवर येत असेल, विटांमधलं पाणी तापून आत ढकललं जात असेल. त्यांनी बाहेरून भिंतीसमोर ताडपत्री बांधली. टेकडी उमटली. मग त्यांना केसांचा संशय आला. एवढी वर्षं झाली, केसच तो, हट्टीपणा करत असेल. हे मनात येताच त्यांना कसंसंच झालं. एका गिऱ्हाइकाकडे ठेवलेलं बिनकेसांचं, आकडे टिपून ठेवणारं नवं मीटर त्यांनी आणून शेजारी लावलं. दोनला आकडे चढायला लागले. चार वाजून पंधरा मिनिटांनी थांबले.

मग त्यांनी भिंतीची परीक्षा घेतली. हात-दीड हात चौकोनी प्लास्टिकचा कागद उशाच्या वरच्या भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करायचा आणि दोन दिवस थांबायचं. थेंब कागदाच्या मागे धरले तर पाणी भिंतीचं. पुढे धरले तर पाणी खोलीतल्या हवेचं. याहून सोपी आणि खरी परीक्षा या धंद्यात नाही.

थेंब दोन्हीकडे धरले. मागे धरले ते समजण्यासारखं होतं. पुढच्या बाजूचे थेंब मात्र कागदभर नव्हते. खालच्या कडेला, उशीवर कुशीला वळलेल्या माणसाचं तोंड येईल तिथे, बशीएवढा एक गोल तेवढा दवासारखा ओला होता.

राहता राहिली शेजारची भिंत. पलीकडे निवृत्त मास्तरीणबाई एकट्या राहत होत्या. दुपारी दोनला त्या काही शिजवतात का, कपडे उकळतात का, हे विचारायला काका त्यांच्या दारात गेले.

"दोनला? छे हो, दोनला मी आडवी होते," बाई म्हणाल्या. "तुमच्यासारखीच. आता तुम्ही आलाच आहात म्हणून सांगते, त्या खोकल्याकडे लक्ष द्या. भिंतीतून सगळं ऐकू येतं मला. मध्यंतरी नव्हता. आता आठवडा झाला, पुन्हा रोज दुपारी."

"मी दुपारी घरी नसतो, बाई."

बाईंनी त्यांच्याकडे चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या डोळ्यांनी पाहिलं. "मग कुठे तरी पाणी मुरतंय," त्या म्हणाल्या. लगेच त्यांना आपल्या बोलण्याचं काय वाटलं कोण जाणे, चहा घेता का म्हणून विचारून त्या आत वळल्या.

काकांनी चहा घेतला नाही.

५

दुसऱ्या दिवशी काका कामावर गेले नाहीत. दोनला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी गल्लीकडची खोली उघडली, आत जाऊन दार लावून घेतलं आणि पलंगासमोर खुर्ची टाकून बसले. पलंगावर नुसती गादी आणि एक उशी होती. बाहेर भरदिवसाचे आवाज होते. कुणीतरी सायकल भिंतीला टेकवत होतं, कुठे तरी भांडी घासली जात होती.

आपण या वयात काय पोरखेळ मांडलाय, असं काकांच्या मनात आलं. तेवढ्यात पेन हललं.

पेनाला आवाज नसतो. आवाज आला तो भिंतीवरच्या प्लास्टिकच्या कागदाचा. चारी कडा चिकटलेल्या, पण मधला भाग जरासा सैल होता. तो किंचित आत ओढला गेला, कुरकुरला आणि पुन्हा फुगला. मग पुन्हा. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. लांब श्वासाच्या शेवटी बारीकशी शीळ.

काका बत्तीस वर्षं ज्या श्वासाशेजारी झोपले होते, तो त्यांना मोजून बघावा लागला नाही.

त्यांना वाटलं होतं की आपण उठून पळू. त्यांना रडू आलं. खुर्चीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते शाळकरी पोरासारखे रडत बसले, आणि समोरचा कागद आत जात राहिला, बाहेर येत राहिला. मग खोकला आला. तो पलंगाच्या बाजूने आला, अगदी हाताच्या अंतरावरून, आणि तो थांबेचना. गादी तशीच सपाट होती. उशी तशीच फुगलेली होती. काकांनी सवयीने पाण्याच्या तांब्यासाठी हात पुढे केला. तिथे तांब्या नव्हता, टेबलही नव्हतं, ती जागा दोन वर्षांपूर्वीच रिकामी झाली होती.

"अगं," ते म्हणाले, "फार त्रास होतोय का?"

सव्वाचारला कागद थांबला.

६

आता काय करावं? एखाद्यानं कुलूप लावून किल्ली विहिरीत टाकली असती. काकांना मात्र कधी नव्हे ते स्वच्छ दिसत होतं. त्या बिचारीला अजून श्वास घेता येत नव्हता. ज्या ओलीत आपण तिला झोपवलं त्याच ओलीत ती पडून होती, आणि महिन्याभराच्या आतच त्याच उशीवर नातीचं डोकं येणार होतं. दोघींना हवी होती ती कोरडी हवा. वरातीमागून घोडं होतं खरं, पण घोडं तरी आणायला हवं होतं.

त्यांनी छन्नी-हातोडी घेतली. हाताखाली माणूस घेतला नाही. रोज सकाळी ते गिलावा ठोकून काढत. सिमेंटचे ढलपे ताटाएवढे सुटायचे आणि मागून विटा काळ्याकुट्ट, पिळून घ्याव्यात इतक्या ओल्या निघायच्या. पाच दिवसांत भिंत उघडी झाली. मग त्यांनी ओल ओढणारं मोठं यंत्र खोलीत चालू केलं. ते हवेतलं पाणी गोळा करून खालच्या टाकीत सोडतं. पहिल्या दिवशी दोन वेळा टाकी भरली. काका ती नेऊन मोरीत ओतत.

फक्त एक गोष्ट ते करू शकले नाहीत. दोनला पाच मिनिटं असताना ते टाकी रिकामी करून ठेवत आणि सव्वाचारला पुन्हा बघत. त्या दोन तासांचं पाणी त्यांच्याच्यानं मोरीत ओतवेना. ते त्यांनी एका काचेच्या बाटलीत भरून ठेवायला सुरुवात केली. हे वेड आहे हे त्यांना कळत होतं. बाटली त्यांनी फळीवर, लेकीला दिसणार नाही अशी, रंगाच्या डब्यांमागे ठेवली.

विटा हळूहळू लाल होऊ लागल्या. दुपारी काका खुर्चीवर बसत आणि कुणी ऐकत असल्यासारखं बोलत. लेकीचं सांगत, बाळ कुणावर गेलंय ते सांगत. नाक तुझं आहे म्हणत. खोकला कमी होत गेला. श्वास लांब झाला, शीळ गेली. एक दिवस मास्तरीणबाई फाटकाशी भेटल्या आणि म्हणाल्या, "औषध लागू पडलं हो तुमचं." काकांना त्या दिवशी इतका आनंद झाला, की ते घरी येऊन आरशासमोर दाढी करत बसले.

टेकडी मात्र रोज ठेंगणी होत होती. बाटलीत पडणारं पाणी अर्ध्या पेल्यावरून पाव पेला, मग चमचाभर. बाकी कुठलीही खोली असती तर काकांनी ते पाहून समाधानानं मान हलवली असती. काम उत्तम चाललं होतं.

तेरा तारखेला दोन वाजले, सव्वाचार वाजले, आणि रेघ सरळ गेली. चौदा तारखेलाही सरळ. भिंत खडखडीत कोरडी झाली होती. खोलीत काकांच्या स्वतःच्या श्वासाशिवाय काही नव्हतं.

७

माणूस चूक करतो ती बहुतेक वेळा नकळत. काकांनी पहिली तशीच केली होती. दुसरी त्यांनी जाणूनबुजून केली.

पंधरा तारखेला लेक संध्याकाळच्या गाडीनं येणार होती. सकाळी अकराच्या सुमाराला काका खोली झाडायला म्हणून आत गेले. गादीवर धुतलेली चादर घातली. खिडकीखाली बाळासाठी पाळणा मांडला. यंत्रातला कागद सरळ रेघेचा होता, तो काढून त्यांनी नवा लावला. आणि मग त्यांना ती शांतता सोसेना. दोन वर्षांपूर्वीची शांतता त्यांनी कशीबशी पचवली होती. तेव्हा लोक होते, कामं होती, फोन येत होते. ही दुसरी शांतता त्यांनी स्वतःच्या हातांनी, छन्नीचा एकेक घाव घालून आणली होती.

ते फळीपाशी गेले. रंगाच्या डब्यांमागची बाटली काढली. तिचं बूच उघडलं आणि उशाशी, उघड्या विटांवर, बाटली उपडी केली. विटांनी पाणी गटागटा पिऊन टाकलं. तेवढ्यानं काय होणार? मग काका मोरीतून बादली भरून आणते झाले. एक बादली. दुसरी. पाचवी. ज्या माणसानं चाळीस वर्षं जगाच्या भिंतींतून पाणी काढलं, तो धोतराचा काचा मारावा तसा पायजमा गुडघ्यापर्यंत खोचून आपल्या घराच्या भिंतीवर सपासप पाणी मारत होता, आणि मोठमोठ्यानं म्हणत होता, "ये ना गं. एकदा बाळाला बघून तरी जा. एकदाच."

विटा काळ्या झाल्या. काकांनी ओल ओढणारं यंत्र बंद केलं, दार लावलं आणि ओल्या कपड्यांनिशी बाहेर पायरीवर जाऊन बसले. बाराला त्यांना वाटलं, आपण फार मोठी चूक केलीय. एकला त्यांची खात्री झाली. संध्याकाळपर्यंत काही ती भिंत सुकत नव्हती. लेकीला पुढच्या खोलीत झोपवू, काहीतरी सांगू, असं ते मनाशी जुळवत होते.

८

दोन वाजता ते फाटकाशी उभे होते. गल्लीच्या टोकाला रिक्षा थांबली आणि लेक उतरली. सकाळचीच गाडी मिळाली होती. खांद्यावर पिशवी, छातीशी बाळ. तिनं लांबूनच हात हलवला.

काकांनी हात हलवायचा म्हणून उचलला आणि त्यांचं लक्ष खिडकीकडे गेलं.

काच आतून पांढरी झाली होती. पूर्ण, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आतून खोकल्याचा आवाज येत होता. असला खोकला त्यांनी एकदाच ऐकला होता, शेवटच्या दिवशी. श्वास आत जातच नाही, नुसता दारावर धडका मारतो, तसा. तिला एवढ्या कष्टानं मोकळं केलं, आणि आपल्याला करमत नाही म्हणून पुन्हा त्याच जागी ओढून आणलं.

लेक फाटकापाशी पोचली. "बाबा, हे काय, भिजलात कशानं?" मग तिचा चेहरा बदलला. "आत कोण खोकतंय?"

काकांनी खिडकीकडे बोट केलं.

आणि त्या दोघांच्या देखत, पांढऱ्या काचेवर खालच्या बाजूला, पलंगावर उठून बसलेल्या माणसाच्या हाताला येईल तिथे, एक गोल पुसला गेला. हळूहळू, डावीकडून उजवीकडे. तळव्याच्या मुळाएवढा. त्या गोलामागे अंधार होता, आणि त्या अंधारात काहीतरी काचेच्या अगदी जवळ आलं आणि स्थिर झालं.

लेकीनं बाळाला घट्ट धरलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण ती त्याच घरात वाढली होती, शाळेतून येताना तो गोल तिच्यासाठीही रोज पुसला जायचा. "आई?" ती म्हणाली. बाळाचं डोकं तिनं झाकून घेतलं, आणि मग तिचंच तिला काय वाटलं, हात बाजूला केला.

"खोली ओली आहे," काका म्हणाले. "मी ओली केली. आताही मीच आणि तेव्हाही मीच. तिनं सांगितलं होतं मला. यंत्र दाराजवळ लावलं होतं गं मी. तिथे खिळा होता म्हणून."

आतला खोकला लहान लहान होत चालला होता.

काका धावले. दारानं आत जायचा धीर त्यांना झाला नाही, ते बाहेरूनच खिडकीपाशी गेले. सात वर्षांचा रंग फटीत घट्ट बसला होता. त्यांनी खिशातली छन्नी घातली, हातानं धडका दिल्या, बोटं सोलून निघाली. खिडकी कर्रकन उघडली.

आतून हवा आली. ऊबदार, ओलसर, जड. काकांच्या चेहऱ्यावरून, मानेवरून गेली, मागे उभ्या असलेल्या लेकीपाशी पोचली. एक लांब, खूप लांब सुटलेला श्वास. त्यात शीळ नव्हती. बाळाचं जावळ जरासं हललं आणि त्यावर बारीक बारीक थेंब धरले. बाळ शिंकलं.

काका चौकट धरून पुढच्या श्वासाची वाट बघत उभे राहिले. खोलीत पलंग होता, धुतलेली चादर होती, रिकामा पाळणा होता. यंत्राचं पेन खाली उतरत होतं. लेकीनं पदरानं बाळाचं डोकं पुसलं आणि तो ओला पदर तसाच मुठीत धरून राहिली.

पुढचा श्वास आला नाही.

९

तीन आठवडे लेक आणि बाळ पुढच्या खोलीत झोपली. काकांनी भिंत पुन्हा सुकवली, या वेळी खिडकी उघडी ठेवून. मग तिच्यावर चुन्याचा गिलावा दिला. घाई केली नाही, एकेक थर पुरता वाळू दिला. दाराजवळचा खिळा त्यांनी पकडीनं उपटून काढला. भोकातून चिमूटभर कोरडी भुकटी पडली. त्या दुपारीबद्दल बापलेकीत पुन्हा बोलणं झालं नाही. एकदा भाजी निवडता निवडता लेक एवढंच म्हणाली, "शेवटी तिला बरं वाटलं असेल, नाही?" काका हो म्हणाले.

बाळ आता गल्लीकडच्या खोलीत झोपतं. त्याची छाती सुधारली आहे. रोज जेवणं झाली की लेक त्याला पाळण्यात घालते आणि दार अलगद ओढून घेते.

संध्याकाळी काका आत जाऊन कागद बघतात. दोनला रेघ वर चढलेली असते. एक छोटीशी टेकडी, एवढ्याशा जिवाची एवढीशी वाफ. काका चष्मा पुसतात, कागद खिडकीपाशी उजेडात नेतात आणि त्या टेकडीच्या मागे दुसरी आहे का ते बघतात. ती दिसावी असं वाटतं की दिसू नये, हे त्यांचं त्यांना अजून ठरवता आलेलं नाही.

रोज एकच असते.